दौऱ्याच्या नाटकात प्रोजेक्शन कसं बसवावं?

उंबरठा

नमस्कार मंडळी. हौशी संस्थेचं दोन अंकी नाटक आहे. नदी, वाड्याची एक भिंत आणि दुसऱ्या अंकात चढत जाणारं पुराचं पाणी एवढं प्रोजेक्शनने दाखवायचं, असं दिग्दर्शकाने ठरवलं आहे. प्रयोग सांगली, कोल्हापूर आणि पुण्यात. तिन्ही रंगमंच ३० ते ३६ फूट रुंद, सायक्लोरामाच्या (रंगमंचाच्या मागच्या मोठ्या पांढऱ्या पडद्याच्या) मागे जेमतेम ४-५ फूट जागा. हाताशी १९२० बाय १२०० चा, ६००० लुमेनचा लेझर प्रोजेक्टर आहे, लेन्स बदलता येते. चित्र साधारण २० फूट रुंद हवं.

यंत्र कुठे ठेवावं? ६००० लुमेन पुरतील का? पडदा कशाचा करावा? एकाने एलईडी वॉल सुचवली आहे, ती घ्यावी का? जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं.

तिरपा झोत

आधी उजेडाचा हिशोब करा. २० फूट रुंद आणि सव्वाअकरा फूट उंच चित्र म्हणजे २२५ चौरस फूट, जवळपास २१ चौरस मीटर. ६००० ला २१ ने भागलं की २८५ लक्स, म्हणजे चौरस मीटरला तेवढे लुमेन. हा कागदावरचा आकडा. तुमचं यंत्र १६:१० आणि चित्र १६:९, म्हणजे दहा टक्के उजेड वरखालच्या रिकाम्या पट्ट्यांत गेला. सगळ्यात भडक मोडमध्ये रंग हिरवट होतात, म्हणून सौम्य मोड घ्याल, त्यात आणखी घट. हातात २०० लक्स उरतात असं धरून चाला.

आता रंगमंचाच्या दिव्यांचा उजेड त्याच पडद्यावर किती सांडतो ते बघा. सगळे दिवे संहितेतल्या पातळीवर लावा, प्रोजेक्टर बंद ठेवा आणि लक्समीटर पडद्याला टेकवून प्रेक्षकांकडे तोंड करून धरा. मोबाइलचं ॲप अंदाजापुरतं चालतं. समजा ४० लक्स आले. मग चित्रातला पांढरा २४० आणि काळा ४०, म्हणजे सहास एक. जाड अक्षरांना, ठळक आकारांना एवढं पुरतं. वाड्याच्या भिंतीचा पोत किंवा रात्रीचं पाणी त्यात विरून जातं, त्यासाठी दहास एकच्या वर हवं. ही सांड, म्हणजे पडद्यावर सांडणारा दिव्यांचा उजेड, २० लक्सवर आणली तर प्रमाण अकरास एक होतं. यंत्र दुप्पट मोठं आणलं आणि सांड तशीच ठेवली तरी उत्तर अकरास एकच येतं. म्हणून भाडं वाढवण्याआधी दिव्यांचे कोन बदलून बघा.

जागेबद्दल. मागून प्रोजेक्शन विसरा. सगळ्यात आखूड लेन्सचा थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) बहुधा ०.३५ ते ०.४० असतो. २० फुटांच्या चित्राला तरीही सात-आठ फूट आणि वर यंत्राची लांबी लागेल. तुमच्याकडे पाच फूट आहेत.

समोरून टाकायचं तर प्रश्न नटांच्या सावलीचा. प्रेक्षागृहाच्या टोकाला, पडद्यापासून ६५ फुटांवर आणि १३ फूट उंचीवर यंत्र ठेवलं आणि साडेपाच फुटी नट पडद्याच्या ४ फूट पुढे उभा राहिला, तर त्याची सावली पडद्यावर ५ फूट उंच पडते. तेच यंत्र पडद्यापासून २० फुटांवरच्या बारवर (दिवे टांगायच्या आडव्या पाइपवर), १६ फूट उंचीवर टांगलं तर सावली २.९ फुटांवर संपते. चित्राची खालची कड ३ फुटांवर घेतली की सावली चित्रात येतच नाही. नट तीनच फुटांवर आला तर मात्र ती साडेतीन फुटांच्या वर जाते, म्हणून जमिनीवर पडद्यापासून ४ फुटांवर चिकटपट्टी मारा आणि तालमीच्या पहिल्या दिवसापासून तिच्यामागे कुणी जायचं नाही असा नियम ठेवा.

गणित तुम्हीही करू शकता: यंत्राची उंची वजा नटाची उंची, गुणिले नटाचं पडद्यापासूनचं अंतर, भागिले यंत्र ते नट हे आडवं अंतर. येईल ती संख्या नटाच्या उंचीतून वजा करा.

२० फूट अंतर आणि २० फूट रुंदी म्हणजे थ्रो रेशो १. तशी लेन्स मागवा. लेन्स चित्राच्या मध्यापासून सुमारे ७.४ फूट वर येते, म्हणजे चित्राच्या उंचीच्या ६६ टक्के. तुमच्या यंत्राचा उभा लेन्स शिफ्ट (यंत्र न हलवता चित्र वर-खाली सरकवायची सोय) तेवढा आहे का ते माहितीपत्रकात बघा. ५० टक्केच असेल तर यंत्र थोडं तिरकं करावं लागेल आणि उरलेलं वॉर्पने (प्रोग्राममध्ये चित्राचे कोपरे ओढून) सरळ करावं लागेल. सगळं कीस्टोनवर (यंत्रातल्या तिरकेपणाच्या दुरुस्तीवर) ढकलू नका: त्यात पिक्सेल जातात, उजेड जातो आणि वरची-खालची कड एकाच वेळी फोकसमध्ये येत नाही.

विंगेतून

वरच्या हिशोबाला पूर्ण अनुमोदन, आता सांड कमी कशी करायची ते सांगते.

समोरच्या पुलावरचे दिवे जितके उतरत्या कोनात तितकं बरं. ४५ अंशांच्या आसपास ठेवलं तर नटाच्या मागे पडणारा उजेड जमिनीवर संपतो, पडद्यापर्यंत चढत नाही. बाल्कनीच्या कठड्यावरून सपाट येणारे दिवे प्रोजेक्शनच्या प्रवेशात बंदच. चेहऱ्यासाठी दोन्ही विंगांतून बाजूचे दिवे घ्या, डोक्याच्या उंचीवर आणि त्याच्या थोडं वर. त्यांचा झोत समोरच्या विंगेत जातो, पडद्याला लागत नाही. फ्रेनेलला (मऊ कडेच्या झोताच्या दिव्याला) बार्न डोअर म्हणजे झडपा लावा, प्रोफाइल (तीक्ष्ण कडेच्या झोताचे दिवे) मिळाले तर शटरने मागची कड कापा. पार दिव्यांची कड कापता येत नाही, त्यांना या प्रवेशात सुट्टी द्या.

दुसरी सांड जमिनीवरून उसळते. पिवळट लाकडी जमीन किंवा फिकट सतरंजी असेल तर वरून टाकलेला उजेड थेट सायक्लोरामाच्या खालच्या भागावर जातो. काळं, चमक नसलेलं कापड अंथरा. एवढ्यानेही लक्समीटरचा आकडा उतरलेला दिसेल.

रंगाचा मुद्दा नेहमी राहून जातो. हॅलोजनचा दिवा ३२०० केल्विन, तोही ४० टक्क्यांवर आणला की आणखी पिवळा. प्रोजेक्टरचा पांढरा ६५०० च्या पुढे. एकाच वेळी दोन्ही दिसले की वाड्याची भिंत ट्यूबलाइटखाली असल्यासारखी निळी वाटते आणि नट कंदिलाखाली. यंत्राचं रंगतापमान सगळ्यात उबदार ठेवा आणि चित्रफितीतला निळा आणखी कमी करा. हे काम संगणकासमोर बसून करू नका, दिवे लावलेल्या रंगमंचावर बघूनच करा.

मांजरपाट

पडदा. नाट्यगृहाचा सायक्लोरामा वापरणार असाल तर आधी तो बघून या. बऱ्याच ठिकाणी त्याला आडव्या चुण्या, पाण्याचे डाग आणि जुन्या रंगांचे ओघळ असतात. दिव्यांच्या निळ्या रंगात ते लपतात, चित्रात उठून दिसतात. स्वतःचा पडदा नेणं बरं.

साधं मांजरपाट चालतं, पण ते आधी धुऊन आटवून घ्या, नंतर शिवा. शिवण आडवीच घ्या, ती पडद्याच्या वजनाने ताणली जाऊन सपाट राहते, उभ्या शिवणीला चुण्या पडतात. खालच्या नेफ्यात एक इंची लोखंडी पाइप टाका, दर फुटाला वर बांधायला नाड्या. टांगल्यावर पाण्याचा बारीक फवारा मारून तासभर वाळू द्या, घड्या बऱ्याच उतरतात. मागे उजेड असेल तर मांजरपाट आरपार दिसतं, म्हणून त्याच्यामागे काळा पडदा लावाच.

वाड्याची भिंत मात्र कापडावर नको. ती फ्लॅटची (लाकडी चौकटीवरच्या सपाट तुकड्यांची) करा. प्लायवर खरा पोत उठवा, कोनाडा खरा ठेवा, आणि रंग फिकट करडा, पूर्ण मॅट. ऑइल पेंट किंवा सॅटिन फिनिश लावलं तर ज्या प्रेक्षकाच्या कोनात चमक येते त्याला तिथे पांढरा डाग दिसतो. करड्यामुळे कॉन्ट्रास्टही वाढतो.

तिरपा झोत

मांजरपाट, तुमची फ्लॅटची कल्पना उत्तम. करड्याबद्दल एक दुरुस्ती: मॅट करडा रंग चित्राचा उजेड आणि सांडलेला उजेड दोन्ही सारखेच गिळतो, त्यामुळे वर काढलेलं प्रमाण बदलत नाही. फायदा दुसरा आहे. प्रोजेक्टरचा काळा खरा काळा नसतो, तो अंधुक चौकोन असतो आणि ब्लॅकआउटला हमखास दिसतो. करड्या भिंतीवर तो दबतो. शिवाय साध्या प्रकाशाच्या प्रवेशात भिंत नटांपेक्षा उजळ दिसत नाही. म्हणून करडा घ्याच, पण तो केला म्हणून लुमेन कमी लागतील असं नाही, उलट जास्त लागतील.

ओहम

एलईडी वॉलचे आकडे देतो, म्हणजे निर्णय घेता येईल.

भाड्याने सहज मिळणारं पॅनेल ५०० बाय ५०० मिलिमीटरचं, पिक्सेल पिच (दोन पिक्सेलमधलं अंतर) ३.९१ मिलिमीटर. एका पॅनेलवर १२८ बाय १२८ पिक्सेल. ६ मीटर बाय साडेतीन मीटरला १२ गुणिले ७, म्हणजे ८४ पॅनेल, आणि चित्र १५३६ बाय ८९६ चं. एका पॅनेलचं वजन ८ किलो धरलं तर ६७२ किलो, टांगायचे बीम वेगळे. जुन्या नाट्यगृहाच्या हाताने ओढायच्या बारवर हे टांगायचं नाही. जमिनीवरून उभं करायचं तर मागे तिरके आधार आणि त्यांवर वजनं लागतात, ती तुमच्या ४-५ फुटांत बसवणं कठीण. वीज चौरस मीटरला कमाल ७०० वॅट धरा, २१ चौरस मीटरला जवळपास १५ किलोवॅट. सरासरी वापर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा असला तरी जोडणी कमाल भारासाठीच करायची, म्हणजे थ्री फेज. प्रोसेसरमधून निघणाऱ्या एका नेटवर्क केबलवर साधारण साडेसहा लाख पिक्सेल जातात, तुमचे पावणेचौदा लाख होतात, म्हणजे तीन केबल.

आणि मूळ अडचण अशी की वॉल फार उजळ असते. वर काढलेले २०० लक्स मॅट पांढऱ्या पडद्यावर पडले की प्रेक्षकाला दिसतात सुमारे ६० निट्स (निट म्हणजे पृष्ठभागाच्या उजळपणाचं एकक). वॉल १००० निट्सची. नाटकाच्या पातळीवर आणायला ती ६ टक्क्यांवर चालवावी लागते आणि तिथे कमी प्रतीच्या पॅनेलच्या अंधाऱ्या छटा तुटतात, रात्रीच्या आकाशात पायऱ्या दिसतात. घ्यायचीच असेल तर ३८४० हर्ट्झ रिफ्रेशची पॅनेल मागा आणि भाडं ठरवण्याआधी ६ टक्क्यांवर काळ्यापासून करड्यापर्यंतचा चढ लावून दाखवायला सांगा. समोर दीड फुटावर काळी जाळी टांगली तर उजेडही उतरतो आणि पिक्सेलचे ठिपकेही मिटतात. जाळी पॅनेलला चिकटली तर मात्र दोन जाळ्यांची मिळून नको ती नक्षी उमटते.

एलईडीचा खरा फायदा एकच: बंद केली की काळी. नृत्याच्या कार्यक्रमाला, मोठ्या सोहळ्याला घ्या. तुमच्या वाड्याला नको.

विंगेतून

+१. वॉलचा उजेड नटाच्या पाठीवर येतो आणि चेहरा अंधारात जातो. मग चेहऱ्यासाठी समोरचे दिवे वाढवा, ते वाढले की वॉल वाढवा, असं चक्र सुरू होतं.

नेटका

आता फाइल आणि संगणक.

एच.२६४ ची एमपी४ फाइल प्रयोगात वापरू नका. त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते, आधीच्या-नंतरच्या फ्रेमवरून ती काढावी लागते. त्यामुळे क्यू (ठरल्या क्षणी फीत किंवा दिवे सोडायची आज्ञा) दाबल्यावर सुरुवातीला अडखळतं, लूपच्या सांध्यावर झटका बसतो, दोन थर एकत्र चालवले की फ्रेम गळतात. प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असलेला कोडेक (व्हिडिओ साठवायची पद्धत) घ्या: फिती चालवायला मॅकवर क्यूलॅब हा प्रोग्राम असेल तर प्रोरेस ४२२ किंवा त्याची एलटी आवृत्ती, रेझोल्यूम असेल तर त्याचा स्वतःचा डीएक्सव्ही किंवा हॅप. रेझोल्यूममध्ये मॅपिंगसाठी (चित्र नेपथ्याच्या आकारांवर बसवण्यासाठी) अरेना आवृत्ती हवी, ॲव्हेन्यूमध्ये ते नाही.

हॅपचे दोन प्रकार लक्षात ठेवा. साधा हॅप पिक्सेलला अर्धा बाइट घेतो, हॅप क्यू एक बाइट. १९२० बाय १०८० चं चित्र २५ फ्रेमने चालवलं तर हॅप क्यूला सेकंदाला सुमारे ५२ मेगाबाइट लागतात. नदी, भिंत आणि पाणी असे तीन थर एकत्र आले की १५० च्या वर. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला हे झेपत नाही, एसएसडीला सहज झेपतं. जागा वाचवायला साधा हॅप घ्यायचा मोह होतो, पण अंधाऱ्या चढ-उतारांत त्याच्या पट्ट्या दिसतात आणि तुमचं सगळं नाटक अंधारातलं आहे. हॅप क्यूच घ्या.

फ्रेमरेट: आपल्याकडे संकलक सवयीने २५ वर काम करतात आणि लॅपटॉप ६० हर्ट्झवर चित्र बाहेर पाठवतो. ६० ला २५ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून काही फ्रेम दोनदा, काही तीनदा दिसतात आणि संथ वाहणारी नदी अडखळत वाहते. आउटपुट ५० हर्ट्झवर ठेवा. प्रोजेक्टर ते घेत नसेल तर सगळं ३० वर बनवा. हे रेंडर करण्याआधी ठरवायचं.

केबल: ऑपरेटर प्रेक्षागृहाच्या मागे बसणार, यंत्र बारवर, म्हणजे ४० मीटर सहज. साधी तांब्याची एचडीएमआय एवढ्या अंतरावर चालत नाही. एचडीबेसटी (एचडीएमआयचं चित्र नेटवर्क केबलवरून लांब नेणारी) ट्रान्समीटर-रिसीव्हरची जोडी आणि मध्ये शिल्डेड कॅट ६, शुद्ध तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल येते, तिच्यावर चित्र येतं आणि दिवे वाढवले की चमकून जातं. केबल डिमरच्या (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या) तारांना समांतर नेऊ नका, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. मध्ये नेटवर्क स्विच टाकायचा नाही.

लॅपटॉपच्या डेस्कटॉपला पूर्ण काळा वॉलपेपर. प्रोग्राम बंद पडला तरी प्रेक्षकांना अंधारच दिसतो. सूचना, अपडेट, स्क्रीनसेव्हर, वायफाय बंद. केबल सुटली की लॅपटॉप स्क्रीनची मांडणी बदलतो आणि क्यूलॅबची चौकट तुमच्या समोरच्या स्क्रीनवर येते. लॅपटॉपच्या बाजूला ईडीआयडी एम्युलेटर (प्रोजेक्टर जोडलेलाच आहे असं लॅपटॉपला भासवणारी डबी) लावला तर हे होत नाही.

ओहम

त्यात भर. प्रोजेक्टर डिमरच्या लाइनवर कधीही लावायचा नाही, चॅनेल शंभर टक्क्यांवर ठेवलं तरी नाही. डिमरमधून येणारा विजेचा आकार मूळचा राहत नाही, यंत्राचा पॉवर सप्लाय जातो. नाट्यगृहाच्या इलेक्ट्रिशियनकडून थेट लाइन मागून घ्या. आणि लॅपटॉपमधून आवाजही जाणार असेल तर ध्वनीच्या बाजूला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स लावा, नाहीतर दोन वेगळ्या अर्थिंगमुळे स्पीकरमध्ये घुं आवाज येतो. अर्थिंगची पिन काढून तो आवाज घालवायचा प्रकार काही ठिकाणी चालतो, तो जीवघेणा आहे.

टांगताना दोन क्लॅम्प आणि वेगळी सेफ्टी चेन, बारला गुंडाळून. तसंच, लेझर यंत्राच्या लेन्समध्ये जवळून बघू नये. नाटकात उंच लेव्हल (चौथरा) असेल आणि नट, विशेषतः लहान मुलं, झोताच्या वाटेत लेन्सच्या जवळ पोचत असतील तर लेव्हलची जागा बदला.

उंबरठा

सगळ्यांचे मनापासून आभार. एलईडीचा विचार सोडला. दोन प्रश्न उरले. पुराचं पाणी सहा मिनिटांत भिंतीवर ३ फूट चढायला हवं, नदीच्या पाण्याची चित्रफीत लावून बघितली तर ते भिंतीवर टीव्ही लावल्यासारखं दिसतं. आणि ब्लॅकआउटला तो राखाडी चौकोन कसा घालवायचा?

तिरपा झोत

पाण्याचं चित्र दाखवू नका, पाण्यावरून उसळलेला उजेड दाखवा. घरात पाणी शिरतं तेव्हा भिंतीवर नाचणाऱ्या उजेडाच्या रेषा दिसतात. ही काळ्यावर पांढऱ्या जाळीची फीत संगणकावर तयार करता येते, किंवा परातीत पाणी घेऊन वरून एकच तीव्र दिवा टाकून उसळलेली नक्षी पांढऱ्या कागदावर चित्रित करता येते. वेग निम्म्याहून कमी करा, कडा धूसर करा, लूप दीड मिनिटापेक्षा लहान नको. रंग जवळजवळ काढून टाका, मातकट छटा थोडीशी.

हा थर पाण्याच्या रेषेच्या वर. रेषेखाली भिंत गडद आणि ओली दिसायला हवी. प्रोजेक्टर काळोख टाकू शकत नाही, म्हणून उलटं करा: अंक सुरू होतो तेव्हाच भिंतीवर भिंतीच्याच फोटोचा मंद थर टाकून ठेवा आणि पाणी चढेल तसा तो खालून काढत जा. जिथून उजेड गेला तिथे भिंत भिजली असं वाटतं. भिंतीचा तो फोटो लेन्सच्या जागेवरूनच काढायचा, म्हणजे कोनाडे बरोबर कोनाड्यांवर बसतात.

आता वेग. सव्वाअकरा फुटांत १०८० पिक्सेल, म्हणजे फुटाला ९६. तीन फूट म्हणजे २८८ पिक्सेल, सहा मिनिटांचे ३६० सेकंद. रेषा एका पिक्सेलवरून पुढच्यावर जायला सव्वा सेकंद घेते. कड तीक्ष्ण असेल तर पुढच्या रांगेला ती सव्वा सव्वा सेकंदाने टुचकन उडी मारताना दिसते. कड २५-३० पिक्सेल धूसर करा आणि तिला हलकासा वेडावाकडा आकार द्या, शिवाय सगळ्या फितीवर एक-दोन टक्के ग्रेन (बारीक कणांचा खरखरीतपणा) टाका. ग्रेनमुळे अंधाऱ्या छटांच्या पायऱ्याही मिटतात.

राखाडी चौकोन चित्र काळं करून जात नाही, यंत्राचा उजेडच थांबवावा लागतो. तुमच्या यंत्रात शटर किंवा एव्ही म्यूट असेल. ते दाबल्यावर लेझर खरंच विझतो की नुसतं काळं चित्र जातं, हे अंधारात बघून घ्या. बहुतेक यंत्रांना ही आज्ञा नेटवर्कवरून पीजेलिंकने देता येते, म्हणजे ती क्यूमध्येच बसते: आधी ४ सेकंदांत चित्र काळं, मग शटर बंद. उघडताना उलट, शटर आधी आणि चित्र नंतर. शटर नसेल तर लेन्ससमोर सर्व्होवर हलणारी काळी पट्टी बसवतात, डीएमएक्सवर (दिव्यांच्या कन्सोलच्या आज्ञांवर) चालणारी. आणि चौकोनाच्या चारही कडा फितीतच धूसर करून काळ्यात मिसळून टाका.

कल्याणकर

कडा काळ्यात मिसळण्याची युक्ती विजेच्या दिव्याहून जुनी आहे. मॅजिक लँटर्नच्या काचेवर आकृती रंगवली की तिच्याभोवती अपारदर्शक काळा भरत, म्हणजे चौकट दिसत नसे आणि आकृती अंधारात एकटी उभी राही. आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ पासून शांबरिक खरोलिकेचे खेळ केले, हाताने रंगवलेल्या काचा, सोबत निवेदन आणि संगीत. काचा भराभर बदलून आकृती हलवत. निवेदक आणि काच बदलणारा यांचा मेळ जमणं हाच त्या खेळाचा कणा होता, आणि या धाग्यावर क्यूंच्या मेळाबद्दल अजून कुणी बोललेलं नाही.

नेटका

रास्त मुद्दा. माझं मत: प्रकाशाचा क्यू दाबला की त्याच बटणावरून ओएससी किंवा मिडीने (एका यंत्राने दुसऱ्याला आज्ञा द्यायच्या पद्धती) व्हिडिओ सुटायला हवा. दोन माणसांच्या बोटांत अर्धा सेकंद फरक पडतोच.

विंगेतून

स्वतःचा कन्सोल घेऊन फिरणाऱ्या व्यावसायिक नाटकाला हे ठीक. हौशी दौऱ्यात प्रत्येक नाट्यगृहाचा कन्सोल वेगळा, काही ठिकाणी नुसते फेडर. तिथे मिडी जोडत बसण्यात दिवे लावायचा वेळ जातो. त्यापेक्षा व्हिडिओवाला आणि प्रकाशवाला शेजारी बसवा, एकच क्यूपत्रक, एकच क्रमांकन. दिव्याचा २७ आणि व्हिडिओचा २७ एकाच क्षणाचे. व्हिडिओ नसेल तिथला क्रमांक रिकामा सोडा, पुढचे सरकवू नका. फेडचे सेकंद दोघांनी एकत्र ठरवायचे. दिवे ६ सेकंदांत उतरत असतील आणि चित्र ३ सेकंदांत येत असेल तर मधले तीन सेकंद चित्र धुतल्यासारखं दिसतं. चित्र दिव्यांच्या दोन सेकंद मागून येऊ द्या.

आणि नट बोलत असताना मागे काहीही भरभर हलता कामा नये. डोळा हालचालीकडे जातो, वाक्य पडतं. दिग्दर्शकाला हे रंगीत तालमीत नाही, त्याच्या आधीच्या तालमीत दाखवा. भिंतीवर लहान प्रोजेक्टर लावून का होईना.

जर्सीकर

अमेरिकेतल्या मराठी मंडळांत प्रयोग करायचा विचार असेल तर इंग्रजी उपशीर्षकांची सोय आत्ताच करून ठेवा. एका वेळी दोन ओळी, ओळीत ३५ ते ४० अक्षरं, चित्राच्या वर वेगळी काळी पट्टी. चित्रावर लिहू नका, उजळ चित्र आलं की अक्षरं जातात. प्रत्येक ओळ हाताने सोडायची, वेळेवर बांधायची नाही, कारण हशा आणि टाळ्या प्रत्येक प्रयोगात निराळ्या.

मराठी अक्षरं दाखवायची असतील तर वेगळी काळजी. काही प्रोग्राम जोडाक्षरं तोडतात, वेलांट्या चुकीच्या जागी बसवतात. मजकूर आधी चित्र म्हणून पारदर्शक पीएनजीत काढून घ्या. शेवटची रांग २० मीटरवर असेल तर मात्रा-उकार सोडून अक्षराची उंची १७ सेंटिमीटर तरी हवी. शिरोरेषा बारीक असलेला फॉन्ट पडद्याच्या विणीत हरवतो, जाड घ्या, आणि ओळींत अंतर जास्त ठेवा म्हणजे वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना भिडत नाहीत.

उंबरठा

हे सगळं छापून काढून फाइलला लावतो. आता शेवटचा प्रश्न: नाट्यगृह सकाळी ताब्यात मिळालं आणि प्रयोग संध्याकाळी असेल तर क्रम काय ठेवावा?

तिरपा झोत

नेपथ्याच्या आधी यंत्र टांगा, कारण फ्लॅट लागले की खाली शिडी फिरत नाही. यंत्र लगेच चालू करा आणि अर्धा तास तापू द्या. थंड लेन्सचा फोकस तापल्यावर सरकतो. तोवर पडदा ताणून घ्या, केबल टाका. मग याच क्रमाने: यंत्र पाणसळीने आडवं सपाट, लेन्स शिफ्ट, झूम, फोकस, आणि सगळ्यात शेवटी वॉर्प. फोकस करायला बारीक चौकटींचं जाळं टाका आणि मधोमध नाही, मध्य आणि कड यांच्यामध्ये बघा. वॉर्प आधी केला आणि नंतर कुणी झूमला हात लावला तर पहिल्यापासून करावं लागतं.

फ्लॅट लागले की प्रत्येक फ्लॅटचे चार कोपरे पकडून वॉर्प. फ्लॅटच्या कोपऱ्यांवर संस्थेतच छोट्या खुणा करून ठेवा आणि त्याच खुणा फितीतल्या चाचणी चित्रात असू द्या, खूण खुणेवर बसवली की झालं. सराव असला तर वीस मिनिटं लागतात. फ्लॅट एकमेकांपासून किती अंतरावर आणि किती कोनात, हे पुठ्ठ्याचे साचे कापून ठरवा, टेपने मोजू नका. नेपथ्याची आतली मापं तिन्ही गावांत सारखी राहिली तर फक्त यंत्राची जागा बदलते. दिवे लावताना बारला धक्का लागतोच, म्हणून दिव्यांचं काम संपल्यावर पुन्हा खुणा तपासा आणि पडदा उघडायच्या अर्धा तास आधी आणखी एकदा.

प्रत्येक गावाची वॉर्पची फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा. दौऱ्याच्या पेटीत फ्यूज, दुसरी कॅट ६, दुसरी एचडीबेसटी जोडी, लेन्स पुसायचं कापड आणि एअर फिल्टर. धुक्याचं यंत्र वापरणार असाल तर दर प्रयोगाला फिल्टर उघडून बघा, त्याचा तेलकट थर धूळ धरून ठेवतो आणि यंत्र तापून मध्येच बंद पडतं.

आणि जायच्या आधी तिन्ही नाट्यगृहांना फोन करून एक माप मागा: मधल्या झालरीची (रंगमंचावर वर टांगलेल्या आडव्या कापडी पट्टीची) खालची कड जमिनीपासून किती उंच आहे. तुमच्या रचनेत झोताची वरची कड अर्ध्या वाटेवर १५ फुटांवर असते. झालर त्याच्या खाली असेल तर चित्राचा वरचा भाग कापला जाईल. बार वर ओढता येतो का, तेही त्याच फोनवर विचारा.